लाल चिंधीचा हारा

श्रीवर्धन
११ मे १९५८

धर्मा,

मी एका टोपलीची चिंधी सोडून दुसऱ्या टोपलीला बांधली. एवढंच केलं. आता त्या चिंधीपायी एका म्हातारीचं काम जायची वेळ आलीय आणि हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. म्हणजे आता तुलाही झालं.

पत्र फाडू नकोस, लेका. दोरीचं मी विसरलेलो नाही. रेक्टरची सायकल हॉस्टेलच्या पाण्याच्या टाकीवर चढवली मी, आणि तिथं सापडली तुझ्या वळकटीची काथ्याची दोरी. तुला हॉस्टेलातून काढलं. तू तोंड उघडलं नाहीस. मीही नाही. दोघंही गप्प बसलो, पण तू घरी गेलास चौलला आणि मी जेवायला गेलो मेसमध्ये. त्या दिवशी शिरा होता. खाल्ला मी.

असो. चिंधीचं ऐक.

कॉलेजचा फतवा तुझ्या डोळ्यांसमोरच निघाला होता. सुटीत सहा आठवडे कुठल्यातरी पेढीवर काम करायचं, मालकाच्या सहीचा दाखला आणायचा, नाहीतर टर्म भरली नाही असं धरणार. बाबांनी ओळख काढून मला इथं बाळाजीशेटच्या सुपारीच्या वखारीत टाकला आणि सांगितलं, "दाखला नाही आला तर परत कॉलेजचं नाव नको. गावी तळ्याला ये आणि भाताच्या चिखलात उतर." पत्रं लिहिणं, गोणी मोजणं आणि गोणीवर मार्का रंगवणं अशी माझी तीन कामं. मार्का म्हणजे काय, तर लाल रंगाचा कान. खरंच कान! मुंबईचे व्यापारी ह्या मालाला 'कानवाला माल' म्हणतात आणि गोण न फोडता घेतात.

तो कान नीराबाईचा. साठीची बाई, शेटच्या बापापासून इथं आहे. सुपारी वाळली की सालाच्या आत सुटते, हलवली की खुळखुळते. आत ओल असली तर गप्प. नीराबाई ओटीवर बसते, दोन हातांत दोन सुपाऱ्या घेते, दोन कानांशी नेते, एकदा हलवते, की टाकली. वाजली ती उजव्या हाऱ्यात, म्हणजे मोठ्या टोपलीत. त्या हाऱ्याला लाल चिंधी बांधलेली असते. न वाजली ती डाव्यात, परत उन्हात. लाल चिंधीचा हारा बायका डोळे मिटून सोलायला घेतात. दिवसाला किती हजार सुपाऱ्या होत असतील देव जाणे, आणि चूक एक नाही. मला त्याचाच राग यायचा. जिथं कुणीच चुकत नाही तिथं मला बसवत नाही, तुला माहीत आहे.

आल्या आल्या मी गोणीवरच्या कानात बुगडी रंगवली होती. शेटनं टेरपेंटाइननं माझ्याकडून पुसून घेतली. मग एका दुपारी नीराबाई जेवायला गेली तेव्हा मी चिंधी उजव्या हाऱ्याची सोडली आणि डाव्याला बांधली. हारेही इकडचे तिकडे केले. वाटलं, येईल, हात घालेल, ओरडेल, मग सगळे हसू. पण तेवढ्यात शेटनं हाक मारली, "चंदर, बंदरावर जा, गलबत लागलंय का बघ." मी गेलो. तिथं गलबताच्या तांडेलाशी गप्पा मारत बसलो. परत आलो तर दोन्ही हारे रिकामे! ओला माल सोलून झालेला, ढिगावर ओतलेला. तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलू बोलू म्हणेपर्यंत पंचवीस गोणी गलबतात चढल्या.

काल मुंबईच्या व्यापाऱ्याचं पत्र आलं. दोन गोणींत बुरशी. आणि शेटला पत्रं वाचून कोण दाखवतो? मी. अख्ख्या वखारीसमोर मोठ्यानं वाचलं. दोनदा ओळ चुकली, शेटला वाटलं अक्षर लागत नाही.

शेट नीराबाईसमोर जाऊन उभा राहिला. "नीराबाय, कान म्हातारा झाला काय गं तुझा?"

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "झाला असंल, बाळाशेट. चुकले मी."

चुकले मी! धर्मा, ती चुकली नाही रे. काल दुपारपासून मी चार वेळा शेटच्या दारापर्यंत गेलो आणि चार वेळा पाणी पिऊन परत आलो.

चंदर

---

१५ मे

धर्मा,

तुझं उत्तर नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती. पण आज जे झालं ते कुणाला सांगितलं नाही तर मला काहीतरी होईल.

शेटला सांगायची छाती होत नाही, तर निदान नीराबाईला सांगू असं ठरवलं. सकाळी ती ओटीवर एकटीच होती. तोंडासमोर बोलवेना म्हणून मी मागच्या खांबाला टेकून उभा राहिलो आणि तिच्या पाठीला सगळं सांगितलं. चिंधी, हारे, बंदर, तांडेल, सगळं. रेक्टरची सायकलसुद्धा सांगितली, काही कारण नसताना. शेवटी म्हटलं, "नीराबाय, मारायचं तर मारा." डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं नाही सांगत.

ती सुपाऱ्या हलवत राहिली. मान वळवली नाही. मला वाटलं, काय ही बाई! एवढं ऐकून ढिम्म! हिचा राग किती खोल असेल!

तेवढ्यात ठमी आली. ठमी म्हणजे सोलणाऱ्या बायकांतली म्होरकी, जिभेला अडकित्ता लावलेली. तिच्या हातून पाण्याचा तांब्या निसटला. पितळी तांब्या, दगडी पायरीवर, नीराबाईच्या पाठीमागे दोन हातांवर. वखारीतल्या कबुतरांनी छप्पर सोडलं. मी दचकून खांबाला डोकं आपटलं.

नीराबाई हललीसुद्धा नाही.

मी तांब्याकडे बघतोय, ठमी माझ्याकडे बघतेय. मग तिनं काय केलं? एक साल उचललं आणि नीराबाईच्या पुढ्यात फेकलं. तेव्हा नीराबाईनं वळून पाहिलं. आणि मला आठवलं, महिनाभर मी बघतोय की ठमी तिला हाक मारतच नाही, साल फेकते. मी समजायचो ही बया उद्धट आहे.

ठमीनं मला कोपऱ्यात ओढलं. "काय बघितलंस?"

"काही नाही."

"काय बघितलंस रे, कालेजवाल्या?"

"तिला ऐकू येत नाही."

"दोन वर्सं झाली. तापानं गेले कान. आम्हां बायकांना ठावं हाय, शेटला न्हाय. आनि तुलाबी न्हाय. समजलं?"

म्हणजे धर्मा, अख्ख्या मुंबईत ज्या कानावर गोणी विकल्या जातात तो कान दोन वर्षं बंद आहे. मग दोन वर्षं चूक कशी नाही? आणि मी माझ्या आयुष्यातली पहिली कबुली दिली ती कुणाला? खांबाला.

हसू नकोस. किंवा हस. पण काहीतरी कर.

चंदर

---

१९ मे

धर्मा,

तुझं कार्ड मिळालं. पत्त्याच्या बाजूला माझा पत्ता आणि लिहायच्या बाजूला काहीच नाही. कोरं! मी उलटंसुलटं करून पाहिलं, दिव्यावर धरलं, लिंबाच्या रसानं लिहिलंस की काय म्हणून. मग कळलं, एवढंच आहे. पत्रं मिळाली, पुढं बोल. बरोबर ना? नसलं तरी मी तसंच धरतोय. कार्ड सदऱ्याच्या खिशात आहे.

पुढचं ऐक. पत्र आल्यापासून नीराबाई उजव्या हाऱ्यात काही टाकतच नव्हती. सगळं डाव्यात. सुपारी हातात घेते, हलवते, थांबते, परत हलवते, आणि परत उन्हात. सोलणाऱ्या बायका बसून. ह्या महिनाअखेरीला शेवटचं गलबत सुटणार, त्यानंतर समुद्र बंद. शेट नुसता येरझाऱ्या घालतोय. काल मला म्हणाला, "हिला आता घरी बसवावी लागणार. बापाच्या वेळची माणसं, पण माल बुडवून कसं चालेल?" मला तर बसताही येईना आणि उभंही राहवेना.

मग आज मी तिच्या समोर जाऊन बसलो. अगदी समोर, माझं तोंड दिसेल असा. आणि सावकाश सगळं परत सांगितलं. ह्या वेळी सायकल गाळली.

ती माझ्या ओठांकडे बघत होती. संपल्यावर म्हणाली, "परत सांग. चिंधी कोनी बांदली?"

"मी."

"वल्या हाऱ्याला?"

"हो."

"म्हंजे माझा हात न्हाय चुकला?"

"नाही."

"न्हाय चुकला?"

"नाही, नीराबाय. तुम्ही नाही चुकलात."

तिनं दोन्ही तळवे उघडून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे असं बघत बसली, जसं काही हरवलेलं पोर घरी आलंय. मग हसायला लागली. बोळक्या तोंडानं, आवाज न करता. आणि मग त्याच उजव्या हातानं माझ्या कानाखाली अशी वाजवली की तिच्याऐवजी मलाच ऐकू येईनासं झालं.

"आठ दिस," ती म्हणाली, "आठ दिस मला झोप न्हाय. वाटलं, कान गेले ते गेले, आता हातबी गेला."

मग तिनं मला दाखवलं. सुपारी मुठीत धरायची, अगदी हलक्या मुठीत, चिमणीचं पिल्लू धरल्यासारखी. हलवली की आतला गोटा सालाला धडकतो आणि तळव्याला टिचकी बसते. ओली असली तर टिचकी नाही, नुसतं जड. कानाशी नेते ते लोकांसाठी. मी कानात कापूस घालून बसलो. शंभरात चाळीस चुकलो. ती म्हणाली, "तुझं हात बडबडे हायेत. गप ऱ्हायला शिकव त्येंना."

मी म्हटलं, आत्ता शेटकडे जातो. तिनं सदरा धरला. "दाखला जाईल न्हव तुझा? ऱ्हाऊ दे. मला समजलं ना, झालं. आता चुकनार न्हाय मी." आणि लगेच उजव्या हाऱ्यात पडायला लागल्या सुपाऱ्या, टप टप टप.

बघ, सुटलो! कुणी काही मागत नाही. मग मी आज जेवलो का नाही? आमटी चांगली होती.

चंदर

---

२४ मे

धर्मा,

घाईत लिहितो. मुंबईहून व्यापाऱ्याचा मुनीम आलाय. जाडा, घामाघूम, पंच्यानं वारा घेत असतो. म्हणतो शेवटच्या गलबताचा माल घ्यायचा तर आधी 'ए बाईना कान' बघणार. उद्या सकाळी, खळ्यात, सगळ्यांसमोर. तो वीस सुपाऱ्या स्वतः निवडणार. आणि ऐक, स्वतःच हलवणार! "हूं हलावीश, बाईने फक्त सांगायचं, पास के नापास." तिच्या हातात देणारच नाही. म्हणे हातचलाखी नको.

समजलं ना? तिच्या हातात सुपारी नाही म्हणजे ती आंधळी. विसातली एकही सांगता येणार नाही. दोन वर्षांचं सोंग उद्या भर खळ्यात उघडं पडणार, शेट तिला घरी बसवणार आणि वर तिला खोटारडी म्हणणार. आणि हे सगळं माझ्या चिंधीमुळे.

माझं डोकं अशा वेळी चालतं, तुला माहीत आहे. मी लगेच तोड काढली. मी मुनिमाच्या मागे उभा राहीन. वाजली तर डावा डोळा मिचकावीन, नाही वाजली तर उजवा. ठमीला पटलं. म्हणाली, "पयल्यांदाच तुझं वांडपन कामाला आलं." ठमीनं माझी तालीमसुद्धा घेतली.

नीराबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येकदा चिंधी बदललीस. आता पापनी हलवनार?"

मी म्हटलं, "मग दुसरं काय करू?"

ती परत सुपाऱ्या हलवायला लागली. ह्या बाईला ऐकू येत नाही, पण गप्प बसून समोरच्याला बोलायला लावायची विद्या येते. तुझ्यासारखीच. तुझं कोरं कार्ड मी आज इतक्या वेळा काढून पाहिलं की त्याचे कोपरे दुमडलेत.

शेटनं आजच मला दाखल्याचा मसुदा लिहायला लावला, उद्या सही करणार. मी लिहिला. माझ्याच हातानं लिहायचा म्हटल्यावर 'प्रामाणिक' हा शब्द घातला. अक्षर सुरेख आलंय.

चंदर

---

२६ मे

धर्मा,

झालं.

काल खळ्यात सगळे जमले. मधे पाट, पाटावर नीराबाई, नवं लुगडं नेसलेली. मुनिमानं पहिली सुपारी घेतली, तिच्या कानाशी नेली आणि पितळी घंटा वाजवावी तशी हलवली. खणखणीत वाजली. मलाच काय, रस्त्यावरच्या बैलाला ऐकू गेली असेल.

"बोलो बाई."

नीराबाई माझ्याकडे बघत होती. ठमी माझ्याकडे बघत होती. डावा डोळा मिचकावायचा होता, बस. डावा डोळा माझ्याच मालकीचा आहे आणि त्यानं आजवर माझं सगळं ऐकलंय.

मी म्हटलं, "थांबा. चिंधी मी बदलली."

शेट म्हणाला, "कसली चिंधी? मध्ये बोलू नको."

मग मी बोललो. सगळं. तोंडासमोर, उभ्यानं. शेटचा चेहरा आधी पांढरा झाला, मग गोणीवरच्या मार्क्यासारखा. म्हणाला, "म्हातारीला वाचवायला बनाव करतोस?" मी म्हटलं, "शेट, कान बिघडला असता तर पंचवीसच्या पंचवीस गोणींत थोडी थोडी बुरशी निघाली असती. दोनच का निघाल्या? एका हाऱ्याचा माल दोन गोणींत जातो म्हणून. दुपारी जेवणाच्या वेळचा एकच हारा." मुनीम पंच्याचा वारा थांबवून माझ्या बाजूनं म्हणाला, "वात तो साची छे." आणि ठमी मागून ओरडली, "व्हय शेट, त्या दुपारचा येक हारा सोलताना चिकट लागला व्हता. पन लाल चिंधी म्हंटल्यावर आमी कोन बोलनार?"

मुनिमानं हातातली सुपारी फेकून दिली आणि म्हणाला, "मग कानाचं काम नथी. ह्या पोराचं काम छे." परीक्षा बारगळली. बाकीच्या एकोणीस सुपाऱ्या पाटासमोर तशाच राहिल्या. नीराबाईनं एकेक उचलली, कानाशी नेली आणि पटापट दोन ढीग केले, सवयीनं. मुनिमानं सहज दोनचार फोडून पाहिल्या, मान डोलावली आणि जेवायला गेला.

शेटनं मला आत बोलावलं. दाखला समोर ठेवला. "वाच." मी वाचायला लागलो. 'प्रामाणिक'पाशी अडलो. "वाच की." मला वाचता येईना. त्यानं कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि डेस्काचा एक पाय डुगडुगायचा त्याच्या खाली सरकवला. डेस्क आता अगदी स्थिर आहे. मग म्हणाला, "गलबत भरेपर्यंत राहा. गोणी कोण रंगवणार?" मला मारलं असतं तर बरं झालं असतं. पण जेवायला त्यानं स्वतःच्या शेजारी बसवलं.

तर दाखला नाही. म्हणजे टर्म नाही, कॉलेज नाही. पावसाळ्यात तळ्याला भातलावणी. बाबांना अजून कळवलं नाही, त्यांना पत्र लिहायला घेतलं की 'तीर्थरूप'च्या पुढं जात नाही.

पण दुसरं एक पत्र आजच पेटीत टाकलं. रेक्टरला. सायकल, टाकी, दोरी, सगळं. तुझं नाव दोनदा लिहिलं आणि माझं चार वेळा. तुला जूनमध्ये खोली परत मिळायला हवी. ती खिडकीजवळची खाट घे, माझी. ढेकूण कमी आहेत.

आज दिवसभर गोणी रंगवल्या. तीस. पहिल्या गोणीशी कुंचला घेऊन बसलो आणि मनात आलं, कान कशाला? हात काढावा. उघडा तळवा, पाच बोटं. खरा मार्का तोच. तुझी शपथ, हात शिवशिवत होते. एवढी सुंदर खोडी मला परत सुचायची नाही. नीराबाई समोरच बसली होती, माझ्या कुंचल्याकडे बघत. मी कानच काढला. तिसाव्या गोणीला ती उठून आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "ह्या येकीला बुगडी काढ. माझी म्हातारीची हौस." काढली. शेटनं पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

आता मुद्द्याचं. धर्मा, माझं काय ते चौलभर सांग. रामेश्वराच्या पोखरणीच्या काठावर उभा राहून ओरडून सांग की चंदर चोर, चंदर खोटारडा, त्यानं शिरा खाल्ला. मी तक्रार करणार नाही. पण नीराबाईच्या कानाचं कुणाला सांगू नकोस. तुमच्या वाडीची सुपारी इथलेच व्यापारी घेतात, गोष्टी इकडच्या तिकडे जातात. आईला नको. बायकांना सांगितलं तर चालतं असं समजू नकोस. ठमीनं सांगितलंय की हे बाहेर गेलं तर माझी जीभ सालासारखी सोलून काढील, आणि तिचा हात मी पाहिलाय.

ही पाचही पत्रं चुलीत घाल. पाया पडतो, विनवतो, हात जोडतो, ज्याची म्हणशील त्याची शपथ घालतो. माझ्यासाठी तू एकदा गप्प राहिलास तेव्हा मी मागितलं नव्हतं. ह्या वेळी मागतोय, आणि माझ्यासाठी नाही.

उत्तर लिहू नकोस. परत एक कोरं कार्ड टाक. मला समजेल.

चंदर